दिल्लीदर्शन : इयत्ता पहिली

(फक्त मराठी विद्यार्थ्यांसाठी. वेळ : पाच दिवस. गुण : दिल्ली देईल तेवढे.)

प्रस्तावना

दिल्लीला निघालेल्या मराठी माणसाच्या मनात दोन भावना असतात. एक, हे तख्त आपल्या पूर्वजांनी सांभाळलेलं आहे, तेव्हा तिथल्या ऑटोवाल्यानं निदान मान तुकवावी. दुसरी, हे शहर आपल्याला लुटणार आहे, तेव्हा पैसे बनियनच्या चोरखिशात ठेवावेत. या दोन्ही भावना एकाच बनियनखाली सुखानं नांदतात आणि बहुतेक घोटाळे त्यातूनच होतात.

परदेशी पर्यटकाचं एक बरं असतं. तो आपण परके आहोत हे मान्य करून येतो, जाडजूड पुस्तक वाचून येतो, पाणी विकत घेऊन पितो. आपल्याला व्हिसा लागत नाही, म्हणून तयारीही लागत नाही असं आपण धरून चालतो. ‘हिंदी येतं की’ एवढ्या भांडवलावर आपण गाडीत बसतो. अशा होतकरू विद्यार्थ्यांसाठी ही पुस्तिका आहे. स्वाध्याय दिले आहेत तिथे ते मथुरा येण्यापूर्वी सोडवावेत. मथुरेनंतर सामान मोजण्यात वेळ जातो.

धडा पहिला : केव्हा जावे

दिल्लीचे ऋतू आणि महाराष्ट्रातल्या शाळांच्या सुट्ट्या यांचं हाडवैर आहे. मे महिन्याची सुट्टी लागते तेव्हा दिल्लीचा पारा ४५ अंशांच्या आसपास हिंडत असतो आणि ‘लू’ नावाचा वारा रस्त्यावरच्या माणसाला भाजून काढतो. दिवाळीची सुट्टी लागते तेव्हा हवा डोळ्यांना दिसायला लागते. प्रदूषणाचा निर्देशांक ४५०च्या वर गेला की ‘ग्रॅप’ नावाच्या सरकारी योजनेचा चौथा टप्पा लागू होतो. बांधकामं थांबतात, बाहेरून येणारे मालट्रक अडवले जातात, शाळा मोबाइलवर भरतात. तुमची सहल मात्र ठरल्याप्रमाणे चालू राहते, कारण तिकिटं दोन महिन्यांपूर्वी वडिलांनी काढलेली असतात. नाताळच्या सुट्टीत धुकं पडतं. मग राजधानीसारखी मानी गाडीसुद्धा पॅसेंजरच्या चालीनं येते.

दिल्ली खरी बघावी ती फेब्रुवारीच्या मध्यापासून मार्चअखेरपर्यंत. काटेसावर फुललेली असते, ऊन अंगाला लागत नाही, आणि राष्ट्रपती भवनातलं अमृत उद्यान लोकांसाठी उघडतं. (२०२३पूर्वी हेच मुघल गार्डन होतं. काका तेच नाव घेणार, त्यांना टोकू नये.) नेमक्या याच दिवसांत आपल्याकडे दहावी-बारावीची परीक्षा असते. म्हणून दिल्ली योग्य वेळी पाहण्याची संधी मराठी माणसाला आयुष्यात दोनदाच मिळते : मुलं शाळेत जायच्या आधी, आणि मुलं अमेरिकेला गेल्यावर.

थंडीबद्दल मुंबईकरांना वेगळी सूचना. महाबळेश्वरला हौसेनं घेतलेला स्वेटर दिल्लीच्या जानेवारीत बनियन म्हणून वापरता येईल. रात्री पारा चार-पाच अंशांपर्यंत उतरतो आणि घरांत उबेची काही सोय नसते. फरशीवर अनवाणी पाय ठेवला की देव आठवतो. दिल्लीकर यावर उपाय म्हणून दुपारी उन्हात बसून शेंगा आणि गजक खातो. सरकारी कार्यालयांच्या हिरवळीवर हा उपाय सामूहिक रीतीनं चालतो. त्या वेळेत आपलं काम घेऊन जाऊ नये.

स्वाध्याय. कारणे द्या : नोव्हेंबरात दिल्लीला गेलेल्या काकांना कुतुबमिनार अर्धाच दिसला.

धडा दुसरा : कोणत्या दिल्लीत उतरावे

‘तू दिल्लीला उतर, मी घ्यायला येतो’ हे वाक्य कोणत्याही भाच्यानं उच्चारू नये. दिल्लीत उतरण्याजोगी स्थानकं पाच तरी आहेत. मुंबई सेंट्रलची राजधानी नवी दिल्लीला जाते. ऑगस्ट क्रांती, सीएसएमटीहून नाशिकमार्गे येणारी राजधानी, पुण्याची दुरांतो आणि वास्कोची गोवा एक्स्प्रेस या गाड्या हजरत निजामुद्दीनला येतात. १९१२पासून धावणारी पंजाब मेल आणि पुण्याची झेलम नवी दिल्लीला थांबून पुढे पंजाब-जम्मूकडे जातात. झोप लागली तर तुम्हीही जाता. शिवाय जुनी दिल्ली, आनंद विहार आणि सराय रोहिल्ला आहेतच.

स्थानक बरोबर निघालं तरी बाजू उरते. नवी दिल्ली स्थानकाला दोन तोंडं आहेत. एक नंबर फलाटाकडे पहाडगंज, सोळा नंबरकडे अजमेरी गेट. मेट्रो अजमेरी गेटच्या बाजूला आहे. निजामुद्दीनलाही तसंच : एकीकडे निजामुद्दीन, दुसरीकडे सराय काले खाँ. चुकीच्या बाजूनं बाहेर पडलेला माणूस आणि त्याला न्यायला आलेला माणूस यांच्यात मग फोनवर जे संभाषण होतं, त्यात ‘मी इथेच उभा आहे’ हे वाक्य दोघंही म्हणतात आणि दोघंही खरं बोलत असतात.

पहाडगंजच्या बाजूला तुमचं भलं करायला टपलेली काही मंडळी भेटतील. गळ्यात ओळखपत्र, हातात वही, चेहऱ्यावर चिंता. ते सांगतील की तुमचं तिकीट आधी ‘व्हेरिफाय’ करून घ्यावं लागेल. किंवा तुमच्या हॉटेलला आग लागली आहे. किंवा पुढचा रस्ता बंद आहे. मग ते तुम्हाला एका ‘सरकारमान्य’ पर्यटन कार्यालयात घेऊन जातील, आणि दिल्ली पाहायला आलेले तुम्ही संध्याकाळपर्यंत काश्मीरचं पॅकेज घेऊन बाहेर पडाल. हा प्रयोग मुख्यतः गोऱ्या पर्यटकांवर होतो, पण पाठीवर नवी कोरी सॅक आणि हातात छापील तिकीट असेल तर तुमच्यावरही होऊ शकतो. उपाय एकच : चालत राहावं. दर गुरुवारी मंत्रालयाच्या कामासाठी दिल्लीला यावं लागतं आणि त्याचा वीट आला आहे, असा चेहरा आरशासमोर आधीच बसवून घ्यावा.

ऑटोचे दर पाठ करावेत. २०२३च्या जानेवारीत ठरलेल्या दरांप्रमाणे पहिल्या दीड किलोमीटरला ३० रुपये, पुढे प्रत्येक किलोमीटरला ११ रुपये, रात्री अकरा ते पहाटे पाच सव्वापट. मीटर बहुधा बिघडलेला असतो. दर ठाऊक असल्याचा उपयोग इतकाच की भाव करताना आवाजात वजन येतं.

धडा तिसरा : आपण कोणत्या प्रकारचे प्रवासी

मराठी माणसानं दिल्लीला जाण्याच्या तीन रीती इतिहासानं घालून दिल्या आहेत. चौथी अजून निघालेली नाही.

बाजीराव पद्धत. १७३७च्या मार्चअखेरीस बाजीराव मोगल सरदारांच्या फौजांना बगल देऊन थेट दिल्लीच्या वेशीवर आले. तालकटोऱ्याच्या परिसरात लढाई झाली, मोगल फौज हरली, आणि मोठी कुमक पोचण्याआधी बाजीराव परतीच्या वाटेला लागले. सामान कमी, मुक्काम छोटा, परतीची वेळ ठरलेली. दोन दिवसांत दिल्ली करणाऱ्यांनी हा आदर्श ठेवावा. मात्र त्यात लाल किल्ला आतून पाहणं बसत नाही. बाजीरावांचंही बसलं नव्हतं.

भाऊसाहेब पद्धत. १७६०च्या मार्चमध्ये निघालेली भाऊसाहेबांची फौज ऑगस्टमध्ये दिल्लीत पोचली. बरोबर बायकामुलं, यात्रेकरू आणि बुणगे यांचा मोठा लवाजमा. उत्तरेत निघालोच आहोत तर तीर्थयात्राही उरकून घेऊ, हा विचार तेव्हाचा आहे आणि आजही प्रत्येक सहलीत कुणीतरी आत्या तो मांडते. दिल्लीत पैसे संपले, दिवाण-इ-खासच्या छताची चांदी उतरवून नाणी पाडावी लागली, पुढे थंडी आली, रसद तुटली आणि १४ जानेवारी १७६१ उजाडला. धडा स्पष्ट आहे : माणसं मोजून न्यावीत, पैसे पुरते न्यावेत, आणि संक्रांतीला घरी असावं.

महादजी पद्धत. १७७१मध्ये मराठ्यांनी दिल्ली घेतली आणि इंग्रजांच्या आश्रयाला अलाहाबादेत राहिलेल्या शाह आलमला १७७२च्या जानेवारीत परत आणून बसवलं. पुढे महादजी शिंद्यांनी दिल्लीचे लोक, भांडणं, रीतिरिवाज आणि वेळकाढूपणा हे सगळं समजून घेतलं. १७८४मध्ये ते बादशहाचे वकील-इ-मुतलक झाले. दिल्लीशी ज्याचं जमलं असा मराठी माणूस म्हणजे हा. त्याचं रहस्य असं की त्यांना घाई नव्हती आणि ते हलक्या आवाजात बोलत असावेत.

ज्यांना इतिहासात आणखी रस आहे त्यांनी नोएडाच्या गोल्फ कोर्सची चौकशी करावी. ११ सप्टेंबर १८०३ रोजी शिंद्यांच्या फौजेचा लॉर्ड लेकनं पराभव केला आणि दिल्ली आपल्या हातून गेली. त्या लढाईचा स्मारकस्तंभ आज गोल्फच्या हिरवळीत उभा आहे. जवळून चेंडू जातात, त्यामुळे तिथे फार भावुक होऊन उभं राहू नये.

स्वाध्याय. तुमच्या सहलीत बुणगे किती? नावे लिहू नका, फक्त संख्या लिहा.

धडा चौथा : मुक्काम

मुक्कामाचा पहिला विचार महाराष्ट्र सदनाचा येतो. सदनं दोन आहेत : कोपर्निकस मार्गावरचं जुनं, आणि कस्तुरबा गांधी मार्गावरचं २०१३मध्ये उघडलेलं नवं. प्रत्येक मराठी माणसाला ही आपली वडिलोपार्जित मालमत्ता वाटते. आमदारांच्या स्वीय सहायकाची वहिनी आपल्या शेजारी राहते, एवढ्या नात्यावर खोली मिळेल असं तो धरून चालतो. तशी ती मिळतेही, मात्र अधिवेशन नसावं, मंत्री आलेले नसावेत, मंत्र्यांकडे आलेले नसावेत आणि त्यांच्याबरोबर आलेलेही नसावेत. पहाडगंजात बृहन्महाराष्ट्र भवन आहे, जवळच नूतन मराठी विद्यालय आहे. दिल्लीतल्या मराठी वस्तीची जुनी मुळं या भागात आणि करोल बागेत सापडतात.

हे जमलं नाही की भाचा. ‘आमचा भाचा दिल्लीत असतो’ हे विधान तपासून घ्यावं. तो राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात, म्हणजे एनसीआरमध्ये असतो. दिल्ली आहे १,४८३ चौरस किलोमीटर आणि एनसीआर आहे सुमारे ५५ हजार. त्यात हरियाणा, उत्तर प्रदेश आणि राजस्थानचे जिल्हे येतात. मेरठ येतं, अलवर येतं आणि पानिपतही येतं. म्हणजे सरकारी हिशेबानं आपलं पानिपत दिल्ली एनसीआरमध्येच झालं.

भाचा गुरुग्राममध्ये असेल तर तो हरियाणात आहे, नोएडात असेल तर उत्तर प्रदेशात. ऑटो राज्याच्या सीमेवर येऊन विचारात पडते आणि विचाराचे पैसे घेते. भाचा ग्रेटर नोएडाला असेल तर त्याच्या घराजवळची अॅक्वा लाइन ही मेट्रो वेगळी, दिल्लीची मेट्रो वेगळी. नोएडात सेक्टर ५१ला एकीतून उतरायचं, बाहेर यायचं, सेक्टर ५२पर्यंत चालत किंवा ई-रिक्षानं जायचं आणि दुसरीत बसायचं. इंडिया गेटहून रात्री निघालेला पाहुणा तिथे पोचेपर्यंत भाच्याच्या वसाहतीची फाटकं बंद झालेली असतात. रहिवासी संघटना रात्री एकच फाटक उघडं ठेवते. ते नेहमी पलीकडच्या बाजूचं असतं.

भाच्याकडे रिकाम्या हातानं जाऊ नये. त्याला मिठाई नको असते, मिठाईत तो बुडालेला असतो. ज्वारीचं ताजं पीठ, गोडा मसाला, आमसुलं, मेतकूट आणि इंद्रायणी तांदूळ न्यावेत. भाचेसून पंजाबी असेल तर मेतकूट कशाशी खातात हे तिला विचारल्याशिवाय सांगू नये.

धडा पाचवा : मेट्रो

दिल्लीत जे काही बिनतक्रार चालतं त्यात मेट्रोचा नंबर पहिला. २४ डिसेंबर २००२ रोजी शाहदरा ते तीस हजारी अशी ती सुरू झाली आणि आता तिचं जाळं गुरुग्राम, नोएडा, फरिदाबाद, गाझियाबादपर्यंत गेलं आहे. रंग लक्षात ठेवावेत, बाकी आपोआप होतं. विमानतळाच्या टर्मिनल ३वरून नारिंगी मार्गानं नवी दिल्ली स्थानक साधारण वीस मिनिटांत येतं. टर्मिनल १ला मात्र किरमिजी मार्ग जातो. तिकिटावर टर्मिनल कोणता ते विमानात बसण्याआधी पाहावं, उतरल्यावर पाहून फक्त वाईट वाटतं.

गाडीच्या दिशेनं पहिला डबा स्त्रियांचा. ‘चुकून चढलो’ हे कारण सांगताना मराठी पुरुषाच्या चेहऱ्यावर जो प्रामाणिकपणा दिसतो, तो दिल्लीत कुणालाही खरा वाटत नाही.

‘अगला स्टेशन’ म्हणणारा धीरगंभीर आवाज शम्मी नारंग यांचा, आणि इंग्रजीतला रिनी सायमन खन्ना यांचा. दरवाजे डावीकडे उघडणार की उजवीकडे हे ते अगदी खरं सांगतात. दिल्लीत विचारण्याआधी मिळालेली आणि खरी निघालेली माहिती एवढीच, तेव्हा तिचा मान ठेवावा.

आता एक धोक्याची सूचना. मेट्रोच्या नकाशावर शिवाजी स्टेडियम आहे, शिवाजी पार्क आहे, टिळक नगर आहे, विनोबापुरी आहे, भिकाजी कामा प्लेसही आहे. रेल्वेवर टिळक ब्रिज आणि शिवाजी ब्रिज आहेत. हे वाचून ऊर भरून येतो आणि पाहुणा मुलांना म्हणतो, ‘चला, शिवाजी पार्कला उतरू!’ दिल्लीचं शिवाजी पार्क पंजाबी बागेच्या शेजारी आहे. तिथे समुद्र नाही, कट्टा नाही आणि क्रिकेटवर बोलणारे निवृत्त आजोबाही भेटतीलच असं नाही. शिवाजी ब्रिजला लोक अजून मिंटो ब्रिज म्हणतात. जोराच्या पावसात त्याच्याखाली पाणी तुंबतं, त्यात एखादी बस बुडते आणि वर्तमानपत्रांत पावसाळा आल्याची बातमी त्या छायाचित्रानं येते.

राजीव चौकात पिवळा आणि निळा मार्ग एकमेकांना भेटतात. तिथली गर्दी पाहून पुणेकर घाबरतो, नागपूरकर हसतो आणि मुंबईकराला घरी आल्यासारखं वाटतं. मुंबईकरानं तिथे कोपर जपून वापरावं. दिल्लीत त्याचा वैयक्तिक अर्थ घेतात.

स्वाध्याय. जोड्या जुळवा : (अ) शिवाजी स्टेडियम, शिवाजी पार्क, टिळक नगर, विनोबापुरी. (ब) हिरवा, गुलाबी, निळा, नारिंगी.

धडा सहावा : पत्ता विचारणे

‘मला ठाऊक नाही’ हे उत्तर दिल्लीत सहसा मिळत नाही. ते अपमानाचं मानतात. विचारलेल्याला माहीत नसलं तरी तो हात लांब करून म्हणेल, ‘सीधे जाओ, बस पाँच मिनट.’ म्हणून पत्ता तीन जणांना विचारावा आणि बहुमतानं निर्णय घ्यावा. लोकशाहीची राजधानी आहे, पद्धत मोडू नये.

पत्ते सांगण्याची तिथली रीत समजून घ्यावी. घर नंबरापेक्षा मेट्रोचा खांब महत्त्वाचा. ‘पिलर नंबर अमुक, उसके सामने मदर डेयरी, उसके बगल से अंदर.’ मोटारवाल्यांसाठी ‘कट’ असतो : हा कट सोडायचा, पुढच्या कटवरून यू-टर्न घ्यायचा. कट चुकला तर पुढचा कट दोन किलोमीटरवर असतो आणि कधीकधी दुसऱ्या राज्यात.

कनॉट प्लेस गोल आहे. पांढरे खांब सगळीकडे सारखे आहेत. तिथे भेटायचं ठरवताना ब्लॉकचं अक्षर आणि आतलं की बाहेरचं वर्तुळ हे दोन्ही सांगावं. अर्धवट पत्त्यावर भेटायला निघालेली दोन माणसं एकाच दिशेनं, एकाच वेगानं फिरत राहिली तर भेटण्याचं कारणच उरत नाही.

जागांची नावं बदललेली असतात. पाटीवर राजीव चौक, तोंडात सीपी, म्हणजे कनॉट प्लेस. राजपथ २०२२मध्ये कर्तव्यपथ झाला, औरंगजेब रोड २०१५मध्ये एपीजे अब्दुल कलाम रोड झाला, हुडा सिटी सेंटर २०२३मध्ये मिलेनियम सिटी सेंटर झालं. मोबाइलला नवं नाव सांगावं, ऑटोवाल्याला जुनं. दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात.

ऑटोवाल्याला, भाजीवाल्याला, दुकानदाराला ‘भैया’ म्हणावं आणि ते मनापासून म्हणावं. रस्त्यात गाडीला गाडी लागली की कुणीतरी ओरडेल, ‘जानता नहीं मैं कौन हूँ?’ हा प्रश्न अध्यात्माचा नाही. त्याचं उत्तर देऊ नये, उलट प्रश्न तर अजिबात विचारू नये.

धडा सातवा : आहार

सकाळी पोहे मागू नयेत. दिल्लीत सकाळ पराठ्यानं होते आणि पराठ्यावर लोणी विचारून घालत नाहीत. छोले-भटुरे हे जेवण नसून नाश्ता आहे, हे प्रथम स्वतःला आणि मग पोटाला समजावून सांगावं. पहाडगंजात चुना मंडीत सीता राम दीवान चंद यांच्याकडे उभ्यानं खावेत आणि दुपारचं जेवण त्याच वेळी रद्द करावं. जुन्या दिल्लीत बेडमी पुरी आणि बटाट्याची भाजी, दरीब्याच्या कोपऱ्यावर जाडजूड जिलबी, नटराजचे दहीभल्ले. सामिष मंडळींनी जामा मशिदीजवळ १९१३चं करीम गाठावं. हिवाळ्यात गेलात तर ‘दौलत की चाट’ खावी. दुधाचा फेस आहे, जिभेवर ठेवताच नाहीसा होतो, आणि थंडी सरली की विक्रेतेही नाहीसे होतात.

पाणीपुरी ‘गोलगप्पे’ म्हणून मिळते. आत गरम रगडा नसतो. त्यावरून विक्रेत्याशी वाद घालू नये, मागे रांग असते. दिल्लीत वडापाव खाऊ नये. खाल्लाच तर त्याविषयी मत देऊ नये. चहा कटिंग मिळत नाही, अख्खा प्यावा लागतो. तिखटाची अपेक्षा कोल्हापूरकर आणि वऱ्हाडी मंडळींनी सीमेवरच सोडावी, नाहीतर ठेच्याची बाटली जवळ बाळगावी.

तिसऱ्या दिवशी पनीर पाहून डोळ्यांत पाणी येतं. ही अवस्था सर्वांची होते, लाजू नये. अशोक रोडवर आंध्र भवनाची थाळी आहे. तिथे भात मिळतो, वरण मिळतं आणि वाढणारा पुन्हा पुन्हा येतो. आयएनएजवळच्या दिल्ली हाटमध्येही राज्याराज्यांचे खाद्यगाळे आहेत. सदनाच्या उपाहारगृहात पिठलं-भाकरी दिसली तर ती दिल्लीचा पदार्थ म्हणून फेसबुकवर टाकू नये.

धडा आठवा : काय पाहावे, कधी पाहू नये

सोमवारी काहीच ठरवू नये. लाल किल्ला, अक्षरधाम, लोटस टेंपल, राष्ट्रीय संग्रहालय आणि रेल्वे संग्रहालय ही सगळी सोमवारी बंद असतात. सरोजिनी नगरचा बाजारही सोमवारी बंद. चांदणी चौक रविवारी बंद, ताजमहाल शुक्रवारी बंद. सोमवारच्या दिवशी हुमायूनची कबर आणि कुतुबमिनार पाहावेत. अक्षरधामला मोबाइल बाहेर ठेवावा लागतो. तिथे कुटुंबाची ताटातूट झाली तर १९९५ साली वापरत असू तीच युक्ती वापरावी : एक जागा ठरवून तिथे उभं राहावं.

रायसीना टेकडीवर सत्ता पाहायला मिळते आणि माकडंही. माकडांना पळवण्यासाठी नवी दिल्लीची नगरपालिका वानराचा आवाज काढणारी माणसं नेमते. त्यांचा आवाज ऐकू आला तर घाबरून पळू नये. पळणाऱ्याबद्दल गैरसमज होतो.

मराठी माणसानं दोन ठिकाणी आवर्जून जावं. एक, अलीपूर रोडवरची २६ क्रमांकाची वास्तू. ६ डिसेंबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं तिथे महापरिनिर्वाण झालं, आणि आज तिथे राष्ट्रीय स्मारक आहे. या थांब्यासाठी सहलीतला अर्धा दिवस वेगळा काढावा, ‘वाटेत लागलं तर’ या यादीत ते घालू नये. दुसरं, तालकटोरा. २०२५च्या फेब्रुवारीत तिथल्या स्टेडियमवर तारा भवाळकरांच्या अध्यक्षतेखाली ९८वं मराठी साहित्य संमेलन झालं. दिल्लीतलं आधीचं संमेलन १९५४चं, लक्ष्मणशास्त्री जोशी अध्यक्ष होते. दोन्हींच्या मध्ये ७१ वर्षं गेली. तेव्हा पुढच्या दिल्ली संमेलनाची वाट पाहून सहल लांबवू नये.

धडा नववा : खरेदी

सरोजिनी नगर, जनपथ आणि पालिका बाजार इथे किंमत ही चर्चेची सुरुवात असते. कृती पुढीलप्रमाणे. वस्तू हातात घ्या. आवडल्याचं दाखवू नका. सांगितलेल्या किमतीच्या तिसऱ्या हिश्शापासून सुरू करा. दुकानदार दुखावला जाईल, तो त्याच्या कामाचा भाग आहे. पाठ फिरवून सात पावलं चाला. हाक आली तर तुमची किंमत जास्त होती, आणि आली नाही तर वस्तू तुमच्या नशिबात नव्हती.

पुस्तकांसाठी नई सडक, मसाल्यांसाठी खारी बावली, चांदीसाठी दरीबा. दर्यागंजच्या पदपथावरचा रविवारचा पुस्तकबाजार २०१९पासून महिला हाटमध्ये भरतो. बाबा खडकसिंग मार्गावर राज्याराज्यांची हस्तकला-दुकानं एका ओळीत आहेत. मराठी पर्यटक तिथे काश्मीरची शाल पाहतो, बंगालची साडी पाहतो, तमिळनाडूची मूर्ती पाहतो आणि शेवटी ‘त्रिमूर्ती’ या महाराष्ट्राच्या दुकानातून कोल्हापुरी चप्पल घेऊन बाहेर पडतो. ती चप्पल कोल्हापुरास परत नेताना निदान वेष्टनावरचं दिल्लीचं नाव जपून ठेवावं.

समारोप आणि उपक्रम

सहल संपण्यापूर्वी एक उपक्रम करावा. भेटेल त्या प्रत्येकाला विचारावं, ‘तुमचं मूळ गाव कोणतं?’ छोले विकणाऱ्याचे आजोबा १९४७मध्ये मुलतानहून किंवा रावळपिंडीहून आलेले असतील. चित्तरंजन पार्कातले दादा पूर्व बंगालचे, सुरक्षारक्षक बिहारचा, परिचारिका केरळची, मोमो विकणारी मुलगी ईशान्येची. करोल बागेतल्या कुलकर्ण्यांचे आजोबा केंद्र सरकारात कारकून म्हणून ट्रंक घेऊन आलेले. यातला प्रत्येक जण कधी तरी त्याच फलाटावर चुकीच्या बाजूनं बाहेर पडला आहे आणि प्रत्येकाला कुणीतरी ‘सीधे जाओ’ म्हणून भलतीकडे पाठवलं आहे. त्यामुळे तुम्ही गोंधळलात तर कुणी हसणार नाही. ऐट दाखवलीत तर मात्र हसतील, कारण ऐटीत आलेले पुष्कळ त्यांनी पाहिले आहेत.

तेव्हा चोरखिसा राहू द्या, पण पराक्रमाची आठवण ऑटोवाल्याला करून देऊ नका. विचारा, चाला, ठरलेले पैसे द्या, थकलात की उन्हात बसून शेंगा खा. आणि जमेल तेव्हा पुन्हा या, फेब्रुवारीत. पहिल्या खेपेला दिल्ली कुणालाच पास करत नाही.